हरवलेल्या वस्तूंचा संत, की ऋणकोंचा?

आमच्या शाळेत एखाद्या मुलाची पट्टी, पेन किंवा छत्री हरवली म्हणजे शोधाशोध करून थकल्यावर कोणी तरी हटकून म्हणतो, "अरे, संत अंतोनीला सांग!" म्हणणारा मुलगा ख्रिस्ती असतोच असे नाही. कोळीवाड्यातली, आगरातली, मोहल्ल्यातली मुलेही हे नाव तितक्याच सहजतेने घेतात. आणि छत्री सापडल्यास एक मेणबत्ती लावण्याचे कबूल करून पुढे ती सोयीस्कर विसरण्यातही सर्व धर्मांची मुले सारखीच तरबेज आहेत. याविषयी आमची तक्रार नाही. परंतु आठशे वर्षांपूर्वी होऊन गेलेल्या एका थोर पुरुषाचे सारे चरित्र आटत आटत हरवलेल्या छत्रीपाशी येऊन थांबावे, याचे आम्हांस वाईट वाटते. आणि याचा दोष मुलांपेक्षा त्यांना गोष्ट सांगणाऱ्या आम्हां वडीलधाऱ्यांकडे अधिक आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

१३ जून हा संत अंतोनींच्या स्मरणाचा दिवस होय. आपल्या किनाऱ्यावर हे दिवस मोठे ओढाताणीचे असतात. १ जूनपासून दोन महिने यांत्रिक होड्यांची मासेमारी कायद्याने बंद असते. होड्या वर ओढून शाकारून ठेवलेल्या असतात. शेतकऱ्यास बियाणे व खत पाहिजे असते. आणि नेमकी याच सुमारास शाळा उघडते, म्हणजे वह्या, पुस्तके, गणवेश आणि रेनकोट यांची यादी घेऊन मुले बापापुढे उभी राहतात. घरात पैसा येण्याचे थांबते आणि जाण्याचे सुरू होते. गतवर्षी याच दिवसांत आम्ही एका वर्गास संतांची ती प्रसिद्ध गोष्ट सांगितली: मठ सोडून जाणाऱ्या एका उमेदवाराने अंतोनींचे स्तोत्रांचे पुस्तक पळविले. छापखाना नसलेल्या त्या काळी हातांनी उतरवलेले पुस्तक म्हणजे मोठे धन, शिवाय त्याच्या समासांत त्यांनी शिकवण्यासाठी काढलेली टिपणे. अंतोनींनी प्रार्थना केली, आणि चोरास पश्चात्ताप होऊन तो पुस्तकासह परत आला. गोष्ट संपवून आम्ही मुलांना सहज विचारले, "तुमचे काय हरवले आहे?" बरीच उत्तरे आली. मग एक मुलगी उभी राहून म्हणाली, "गुरुजी, माझ्या आईच्या पाटल्या हरवलेल्या नाहीत. कुठे आहेत ते आम्हांला ठाऊक आहे. त्या गहाण आहेत. मग संत त्या आणून देतील का?"

वर्ग हसला. आम्हांस हसू आले नाही, कारण आमच्यापाशी उत्तर नव्हते. पुढे चार पुस्तके चाळल्यावर ध्यानात आले की, उत्तर संतांच्या चरित्रातच होते. आम्हीच ते मुलांना कधी सांगितले नव्हते.

प्रथम हे संत कोण, कोठले, ते थोडक्यात सांगतो. त्यांचे जन्माचे नाव फर्नांदो. पोर्तुगाल देशातील लिस्बन शहरी, इ. स. ११९५ च्या सुमारास, एका सुखवस्तू घरात त्यांचा जन्म झाला. कोवळ्या वयातच ते संत ऑगस्टिनच्या नियमाने चालणाऱ्या मठात गेले व पुढे कुइंब्रा येथील मठात त्यांनी पुष्कळ अध्ययन केले. सारे आयुष्य ग्रंथांच्या सहवासात निघून गेले असते. पण १२२० साली मोरोक्को देशात मारल्या गेलेल्या पाच फ्रान्सिस्कन संन्याशांचे अवशेष कुइंब्रास आणण्यात आले. असिसीचे संत फ्रान्सिस तेव्हा हयात होते. अंगावर जाडाभरडा झगा, कमरेला दोरी आणि खिशात दमडीही नाही, असा त्यांचा पंथ नुकताच उदयास आला होता. त्या अवशेषांच्या दर्शनाने फर्नांदोंचे मन पालटले. ते या नव्या पंथात शिरले, त्यांनी अंतोनी हे नाव घेतले आणि मोरोक्कोस जाणारे गलबत पकडले. तेथे काय झाले? काहीच नाही. ते आजारी पडून महिनोन्‌महिने अंथरुणास खिळले आणि अखेर घराकडे परत निघाले. वाटेत वादळाने गलबत भलतीकडेच नेले व ते इटलीच्या दक्षिणेस सिसिली बेटास लागले. वारा फिरला म्हणजे माणसाला कोठल्या कोठे जावे लागते, हे आमच्या कोळी बांधवांच्या मुलांना आम्ही काय सांगावे?

आता गंमत पाहा. इटलीत त्यांना कोणी ओळखत नव्हते. एका डोंगरावरील लहानशा आश्रमात त्यांची योजना झाली. तेथे त्यांनी भांडी घासावी, केर काढावा. आपण इतके शिकलेले आहोत, हे त्यांनी कोणास सांगितले नाही. १२२२ साली फोर्ली गावी एक समारंभ झाला. प्रवचनाची तयारी कोणीच केली नव्हती. तेव्हा मठाधिपतींनी या अबोल संन्याशास सांगितले की, सुचेल ते बोला. ते बोलू लागले आणि सारी सभा थक्क झाली. त्यानंतरची नऊ वर्षे त्यांना विश्रांती अशी मिळाली नाही. उत्तर इटली व दक्षिण फ्रान्समधून ते बोलत हिंडले. संन्याशांस धर्मशास्त्र शिकवण्याची अनुज्ञा खुद्द संत फ्रान्सिस यांनी त्यांस दिली. १३ जून १२३१ रोजी, अवघ्या छत्तिसाव्या वर्षाच्या सुमारास, पादुआ शहराजवळ त्यांनी देह ठेवला. पुरते वर्षही उलटले नव्हते, तोच ३० मे १२३२ रोजी पोप नववे ग्रेगरी यांनी त्यांस संतपद दिले. लोकांचे त्यांच्यावर केवढे प्रेम असले पाहिजे, याचा अंदाज एवढ्या तारखांवरूनच यावा.

हे नाव आपल्या किनाऱ्यावर कसे आले, हे सांगावयास लांब जावयास नको. संत फ्रान्सिस यांच्या पंथाचे चार संन्यासी १३२१ साली ठाण्यास मृत्यू पावले. म्हणजे कोकणच्या भूमीस या पंथाची ओळख पोर्तुगीज येण्यापूर्वी दोनशे वर्षे झाली होती. पुढे सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी चौलच्या बंदराशेजारी रेवदंड्यास ठाणे वसवले, तेव्हा या पंथाचे लोक पुन्हा आले. रेवदंड्याच्या कोटात माडांच्या गर्दीत जो पडका सातखणी मनोरा दिसतो, तो त्यांच्याच मठाचा म्हणून सांगतात. खाडीच्या पलीकडे कोर्लईस किल्ल्याच्या पायथ्याशी आजही लोक आपापसांत पोर्तुगीजपासून झालेली एक बोली बोलतात. १७४० साली चौल-कोर्लई मराठ्यांच्या ताब्यात येऊन पोर्तुगीज निघून गेले, तरी ती बोली गेली नाही. अंतोनी हे लिस्बनचे, तेव्हा पोर्तुगीज खलाशांचे ते घरचेच संत. वारा पडला म्हणजे हे खलाशी संतांची मूर्ती डोलकाठीस बांधीत व वारा सुटेपर्यंत सोडीत नसत, असे त्या काळच्या प्रवाशांनी लिहून ठेवले आहे. पोर्तुगालात तर १६६८ साली त्यांचे नाव एका पलटणीच्या हजेरीपटावर चढवून त्यांच्या नावे पगारही सुरू केला होता! भक्तीची ही तऱ्हा पाहून हसावे की हात जोडावेत, हे आम्हांस अद्याप ठरवता आलेले नाही.

मराठी वाचकांस अभिमान वाटावा अशी एक गोष्ट येथेच सांगून टाकतो. १६५५ साली गोव्यात अंतोनियु द साल्दान्य या येशूसंघीय पाद्रींनी 'सांतु आंतोनीची जीवित्वकथा' नावाचे पुस्तक छापविले. फादर स्टीफन्स यांच्या ख्रिस्तपुराणानंतर चाळीस वर्षांच्या आत या संतांचे चरित्र आपल्या लोकांच्या भाषेत अवतरले होते. शिवाजी महाराजांचे वय तेव्हा पंचवीस वर्षांचे होते, एवढे ध्यानात आणल्यास काळ किती जुना, हे मुलांना कळेल.

असो. मुलांना छत्रीखालोखाल आवडणारी गोष्ट म्हणजे माशांची. रिमिनी गावचे लोक अंतोनींचे बोलणे ऐकेनात, तेव्हा ते समुद्रकाठी जाऊन माशांशी बोलू लागले. मासे रांगा धरून पाण्यावर आले, लहान पुढे व मोठे मागे, आणि माना वर करून ऐकत राहिले. ही कथा खरी मानावी की न मानावी, हा वाद आम्ही घालणार नाही. मात्र या कथेचा एका माणसाने काय उपयोग केला, तो मुलांना जरूर सांगावा. १३ जून १६५४ रोजी ब्राझील देशातील मारान्यांव प्रांतात अंतोनियु व्हिएरा नावाचे पाद्री संतांच्या सणाचे प्रवचन करावयास उभे राहिले. समोर बसलेले पोर्तुगीज वसाहतवाले तेथील मूळ रहिवाशांस गुलाम करून त्यांच्या श्रमावर गबर झालेले. व्हिएरांनी युक्ती केली. आज मी तुमच्याशी नव्हे, माशांशी बोलतो, असे म्हणून त्यांनी माशांना फैलावर घेतले. तुमचा मोठा दोष कोणता? तर तुम्ही एकमेकांस खाता, आणि त्यातही मोठे लहानांस खातात. कोण कोणास खात होते, हे सभेतील प्रत्येकास कळले. आपल्याकडे यासच मात्स्यन्याय म्हणतात आणि कौटिल्याने तो अर्थशास्त्रात सांगितला आहे: दंड धारण करणारा कोणी नसला म्हणजे सबळ दुर्बलास गिळतो. चौलच्या बाजारात टोपलीतला मोठा मासा चिरताना त्याच्या पोटात लहान मासा सापडतो, तो आमच्या कोणत्या विद्यार्थ्याने पाहिला नाही?

आता पाटल्यांच्या प्रश्नाकडे वळतो.

अंतोनींच्या काळी इटलीतील शहरांत व्यापार भरभराटीस आला होता आणि त्याबरोबर सावकारीही. पादुआ शहरात ज्याला कर्ज फेडता येत नसे त्याची चीजवस्तू तर जाईच, पण त्याचा देहही जाई. म्हणजे त्यास कोंडून ठेवीत. यातील वेडेपणा लहान मुलासही समजेल. कोंडलेला माणूस काम करू शकत नाही. काम नाही तर कमाई नाही. आणि कमाई नाही तर कर्ज कोठून फिटणार? तरीही हीच रीत सर्वत्र चालू होती, कारण भीती हाच धनकोचा खरा जामीन समजला जाई. १२३१ च्या उपवासकाळात अंतोनींनी पादुआत रोज प्रवचन केले. गर्दी देवळात मावेना, म्हणून ती मोकळ्या मैदानात होऊ लागली. व्याजखाऊंवर त्यांनी कडक टीका केली. एका कृपणाच्या मृत्यूनंतर त्याचे काळीज छातीत न सापडता पैशाच्या पेटीत सापडले, ही अंतोनींच्या नावावरील कथा याच विषयाची आहे. पुढे दोनशे वर्षांनी दोनातेल्लो या महान शिल्पकाराने ती पादुआच्या देवालयात ब्राँझमध्ये घडविली. परंतु नुसत्या टीकेने काय होणार? ती ऐकून रडणारा मनुष्य घरी जाऊन पुन्हा व्याजाची वही उघडतो. म्हणून अंतोनी नगराच्या अधिकाऱ्यांकडे गेले. त्याच वर्षीच्या मार्च महिन्यात पादुआच्या नगरसभेने एक कायदा केला: ऋणको किंवा त्याचा जामीनदार कर्ज फेडण्यास असमर्थ ठरल्यास त्याची मालमत्ता घ्यावी, पण त्याचा देह व त्याचे स्वातंत्र्य घेऊ नये. आणि हा कायदा बंधू अंतोनी यांच्या विनंतीवरून केला, असे त्या कायद्यातच नमूद आहे. चमत्कारांच्या कथा लोक सांगतात म्हणून आपल्यापर्यंत आल्या. हे कृत्य मात्र नगराच्या दप्तरात नोंदलेले आहे.

त्यांची प्रत्येक विनंती मान्य होई, असेही नाही. त्याच वर्षी व्हेरोना येथील जुलमी सत्ताधीशाकडे काही कैद्यांची सुटका मागण्यास ते पायपीट करीत गेले आणि रिकाम्या हातांनी परत आले. पादुआतील सावकारीही कायद्याने नष्ट झाली नाही. पुढे त्याच शहरातील एका गडगंज व्याजखाऊस दान्ते कवीने आपल्या काव्यात नरकात बसविले. संतांच्या चरित्रातील ही अपयशे गाळून सांगण्याची जी रीत पडली आहे, ती आम्हांस पसंत नाही.

हे सर्व परक्या देशाचे आहे, असे कोणी म्हणेल. त्यांनी आपल्याच भाषेकडे पाहावे. पोर्तुगीजांनी मराठीस जे शब्द दिले त्यांत बटाटा आणि पाव मुलांना ठाऊक आहेत. पण पगार, लिलाव आणि तुरुंग हे तीन शब्दही त्याच भाषेतून आलेले आहेत. पगार पुरला नाही की लिलाव, आणि लिलावानेही भागले नाही की तुरुंग. कर्जबाजारी माणसाची सारी वाट या तीन शब्दांत सामावली आहे. आपल्या प्रांतात १८७५ साली पुणे व नगर जिल्ह्यांतील शेतकऱ्यांनी सावकारांची दप्तरे जाळली, तेव्हा सरकारचे डोळे उघडले व १८७९ च्या कायद्याने, पैशाच्या हुकूमनाम्यापायी शेतकऱ्यास अटक करू नये, असे ठरले. प्रथम तो कायदा देशावरच्या चार जिल्ह्यांपुरता होता. १९३६ साली दिवाणी कायद्यात दुरुस्ती होऊन, ज्याच्याजवळ खरोखरच काही नाही अशा प्रामाणिक ऋणकोस कोणत्याही धंद्याचा असला तरी संरक्षण मिळाले, आणि १९८० साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, केवळ कर्ज फिटले नाही एवढ्यावरून कोणास तुरुंगात टाकता येणार नाही. त्याची लबाडी दिसली पाहिजे. १२३१ पासून १९८० पर्यंत किती वर्षे झाली, ही वजाबाकी विद्यार्थ्यांनी स्वतः करावी.

आणि चरीचे नाव ज्याने ऐकले नाही, असा अलिबाग तालुक्यातील मुलगा आम्हांस भेटू नये. २७ ऑक्टोबर १९३३ रोजी चरी गावी सभा होऊन नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली पंचवीस गावांच्या कुळांनी खोतांची जमीन न कसण्याचा निश्चय केला. १९३९ पर्यंत, म्हणजे सहा वर्षे, त्या खाचरांत भाताचे रोप लागले नाही. घरात दाणा नसताना लोकांनी लाकूडफाटा विकून दिवस काढले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९३७ साली खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. कायदा व्हावयास १९४९ साल उजाडले. चरीच्या कुळांनी संत अंतोनींचे नाव ऐकले असेल असे आम्ही म्हणत नाही. पण खंडाची बाकी आणि तिच्यावरचे व्याज यांच्या जोरावर माणसालाच मालमत्ता समजण्याविरुद्धचे ते भांडण, पादुआच्या भांडणाचे सख्खे भावंड होते.

पालकांपैकी काहींनी आम्हांस प्रत्यक्ष बोलून दाखविले की, मुलांना असल्या गोष्टी सांगू नयेत. घेतलेले कर्ज फेडलेच पाहिजे, हीच शिकवण बरी. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. अंतोनींनी कर्ज बुडवावयास कोणास सांगितले नव्हते. पादुआच्या कायद्यात ऋणकोची वस्तू धनकोस मिळतच होती. आमचे म्हणणे एवढेच की, मुलांना कर्ज ठाऊक नसते, हा आपला गोड भ्रम आहे. रात्री दिवा मालवल्यावर माजघरात जे हळू आवाजात बोलणे होते, ते अंथरुणात पडलेल्या मुलास सर्व ऐकू येते. मोठ्या बहिणीचे लग्न, होडीचे नवे यंत्र, आजोबांचे आजारपण, यांचे आकडे त्यास पाठ असतात. फक्त ते शाळेत कोणापाशी बोलावयाचे नसते, एवढे तो घरी शिकलेला असतो, आणि त्या न बोलण्याची त्यास लाज वाटू लागते. जो मुलगा मधल्या सुट्टीत खोटेच सांगतो की भूक नाही, त्यास, ऋणको माणूसही माणूसच आहे असे आठशे वर्षांपूर्वी एका संताने नगरसभेकडून लिहून घेतले, हे कळावयास नको काय? उलटपक्षी ज्याच्या घरची वही व्याजाने भरते त्या मुलानेही हे ऐकलेले बरे. दोघेही आमच्या वर्गात एकाच बाकावर बसतात.

त्या मुलीस आम्ही यंदा उत्तर दिले. पाटल्या परत येतील असे सांगितले नाही; पादुआच्या कायद्यानेही त्या परत आल्या नसत्या, कारण तो कायदा वस्तू सोडवीत नव्हता, माणसास सोडवीत होता. ती म्हणाली, "म्हणजे बाबा घरी राहिले असते." आम्ही म्हटले, होय.

१३ जूनचा प्रसंग साधून साऱ्या वर्गास हीच गोष्ट सांगितली. मासे सांगितले, काळीज सांगितले, आणि कायदाही सांगितला. शेवटच्या बाकावरील एक मुलगा, जो एरवी पावसाकडे पाहत बसतो, त्याने हात वर करून विचारले, "जामीन राहिलेल्याला पण सोडायचे का?" त्यास हा प्रश्न का सुचला, हे आम्ही विचारले नाही. त्या कायद्यात जामीनदाराचाही उल्लेख आहे, असे सांगितले. त्याने साल पुन्हा विचारून घेतले आणि वहीच्या मागच्या पानावर लिहिले: १२३१.